गड्यांची वही रद्दीत घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाल, इतवारी, शुक्रवारीकडचा एखादा जुना वाडा पाडायचा ठरला की आधी सागवानी खांब आणि दारे विकली जातात, मग तांब्या-पितळेची भांडी निघतात. माळ्यावरची कागदांची गाठोडी अगदी शेवटी, मजूर माळा उतरवायला लागले की, किलोच्या भावाने रद्दीत जातात. त्याबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत. आमचा मुद्दा मात्र त्या घरांविषयी आहे, जिथे गाठोडी टाकत नाहीत, नीट सोडतात, आणि तरीही त्यातला मोठा भाग फेकून देतात. भोसल्यांची सनद, कमिशनर साहेबाचे इंग्रजी पत्र, पणजोबांचा काचेत मढवलेला फोटो, एवढे राहते. सालदारांची, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या गड्यांची, वही, धान्यवाटपाच्या याद्या, अंगठे उठवलेले रोखे, 'बाया ७, गडी ३' अशा रोजच्या चिठ्ठ्या मात्र 'नोकरांचे हिशेब' म्हणून बाजूला पडतात. काही घरांत हे आळसाने होते, काही घरांत लाजेने. निवड करायचीच असेल तर ती उलटी करा, असे आमचे म्हणणे आहे. सनदेची नक्कल सरकारी दप्तरात मिळण्याची शक्यता असते. गड्यांच्या वहीची दुसरी प्रत कुठेच नसते.

हे कागद कुठले, ते नव्या पिढीसाठी थोडक्यात. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, आणि त्या दशकाच्या जमीन-महसुलाच्या बंदोबस्तात मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणाऱ्या घरांना, गावाची मालकी मिळाली. ती ३१ मार्च १९५१ ला संपली. मधल्या काळात काटोल, सावनेर, रामटेक, उमरेडकडच्या, तसेच भंडारा, वर्धा, चांद्याकडच्या गावांचा कारभार या घरांतून चालला. त्यामुळे त्यांच्या दप्तरात जमाबंदी, खसरा, वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढी-हक्कांची नोंद), पट्टे, कबुलायती सापडतात, आणि घरच्या शेतीचे, म्हणजे सीर आणि खुदकाश्तीचे, स्वतंत्र हिशेब सापडतात. सरकारला गावाचा सारा कळायचा. पण सीरच्या जमिनीवर नांगर कोणी धरला, त्याला काय दिले, काय कापले, हे सरकारी कागदात येत नाही. ते फक्त घरातल्या वहीत असते.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे पुढचे म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतले कापूस-तंबाखूचे बागाईतदार आणि त्यांचे कागद. तिथे १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यात मालकाचे नाव असे, आणि त्याखाली वय, लिंग, रंग. गुलामाच्या नावाचा रकानाच नव्हता. १८६० मध्ये अशी सुमारे ४० लाख माणसे होती. डिसेंबर १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, आणि ही माणसे नावानिशी जनगणनेत आली ती १८७० साली. म्हणून १८७० च्या मागे आपले घराणे शोधणाऱ्या काळ्या अमेरिकन कुटुंबाला मुख्य आधार उरतो तो ज्याने पूर्वजांना विकत घेतले त्याच्याच घरच्या कागदांचा. मृत्युपत्र, मालमत्तेची यादी, कापडवाटप, डॉक्टरचे बिल, जन्मांची नोंद. त्यातही बहुधा नुसते पहिले नाव. ते वयाशी ताडायचे, आईच्या नावाशी जोडायचे, पुढच्या पिढीत तेच नाव नातवाला ठेवले आहे का ते पाहायचे, आणि मग १८७० च्या नोंदीशी सांधा जुळतो का ते बघायचे.

हे कागद टिकले तेसुद्धा मालकांच्या कौतुकापोटी. उत्तर कॅरोलिना विद्यापीठात, चॅपल हिल येथे, १९३० मध्ये 'सदर्न हिस्टॉरिकल कलेक्शन' सुरू झाले. त्यासाठी इतिहासाचे प्राध्यापक जे. जी. द रुलॅक हॅमिल्टन मोटार घेऊन दक्षिणेत घरोघर हिंडले आणि माळ्यांवरच्या पेट्या उतरवून आणल्या. तिथल्या कॅमरन घराण्याचे कागद प्रसिद्ध आहेत. स्टॅगव्हिल आणि आसपास या घराण्याची १८६० च्या सुमारास सुमारे ३०,००० एकर जमीन होती आणि ताब्यात सुमारे ९०० गुलाम होते. अशा संग्रहांच्या जुन्या सूच्या उघडल्या तर घरातली लग्ने, राजकारण, युद्ध, पिके यांची नोंद मिळते. गुलामांची नावे क्वचितच मिळतात, कारण सूची करणाऱ्याला ती महत्त्वाची वाटली नव्हती. अलीकडच्या काळात ग्रंथपालांना तेच खोके पुन्हा सोडून, पान पान वाचून, नावे नव्याने उतरवावी लागत आहेत. म्हणजे दुप्पट काम. आपल्याकडे अजून पहिलीच सूची व्हायची आहे, तर ती धडपणे करता येईल.

त्या कागदांत पत्रे जास्त बोलकी वाटतात, पण पत्रे घराण्याची बाजू सांभाळून लिहिलेली असतात. हिशेबाला तेवढे भान नसते. याचे सगळ्यात ठळक उदाहरण अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचे. मॉन्टिसेलो या त्यांच्या इस्टेटीची एक शेतवही आहे, १७७४ पासून सुमारे पन्नास वर्षांच्या नोंदींची, आता बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत. कोणाला किती कापड, किती ब्लँकेटे, कोणाचा जन्म कधी, असा तो मजकूर. सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीच्या मुलांच्या जन्मनोंदी त्याच वहीत आहेत. मुले जेफरसनची, असा बोभाटा त्यांच्या हयातीतच होता. घराण्याच्या पत्रांनी ते ठाम नाकारले आणि बोट भाच्यांकडे दाखवले. सॅलीचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज याने १८७३ मध्ये ओहायोच्या एका वर्तमानपत्रात आपली हकीकत छापून आणली, तीही बहुतेक इतिहासकारांनी बाजूला सारली. पण शेतवहीतल्या जन्मतारखा आणि जेफरसन यांच्याच खर्चवहीवरून कळणारा त्यांचा मुक्काम यांचा मेळ घातला, तर प्रत्येक जन्माच्या नऊ महिने आधी ते मॉन्टिसेलोवर होते असे निघते. १९९८ मध्ये डीएनए तपासणी झाली. एस्टन हेमिंग्जच्या वंशजाचा धागा जेफरसन घराण्याच्या पुरुषवंशाशी जुळला, भाच्यांच्या वंशाशी जुळला नाही. २००० मध्ये मॉन्टिसेलो सांभाळणाऱ्या संस्थेने आपला अहवाल काढला आणि जेफरसन हेच त्या मुलांचे वडील असावेत असे मान्य केले. ब्लँकेटांचा हिशेब म्हणून ही वही कोणी जाळली असती तर पत्रांचा शब्द अखेरचा ठरला असता.

आणखी एक कागद सांगण्यासारखा आहे, कारण तो उलट्या बाजूचा हिशेब आहे. टेनेसीत गुलाम असलेला जॉर्डन अँडरसन अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर ओहायोत डेटनला राहू लागला. जुन्या मालकाने 'परत कामाला ये' असे पत्र पाठवले. ऑगस्ट १८६५ मध्ये त्याने उत्तर सांगून लिहवून घेतले: माझी ३२ वर्षांची आणि बायको मँडीची २० वर्षांची मजुरी आधी पाठवा. त्याला महिना २५ डॉलर आणि तिला आठवड्याला २ डॉलर धरून ११,६८० डॉलर होतात. आकडेमोड करून पाहा. त्याचे ९,६००, तिचे २,०८०. बरोबर जुळते. शिवाय व्याज मागितले आहे, आणि कपडे व डॉक्टरचा खर्च वळता करून घ्यायची तयारीही दाखवली आहे.

आता आपल्याकडे या. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर पुढच्या आठवड्यात पत्रांचा पाऊस पडेल. सालदार हा कायद्याने गुलाम नव्हता. १८४३ च्या कायद्याने इंग्रजी मुलखात गुलामीला न्यायालयाचे पाठबळ उरले नाही, आणि सालदाराची मुले मालगुजाराच्या मालमत्तेच्या यादीत किंमत लावून मांडली जात नव्हती. मराठेशाहीतल्या कागदांत कुणबीण, बटीक, पोरगे यांची खरेदी-विक्री येते, तो वेगळा आणि आधीचा विषय आहे. सालदाराला बांधून ठेवत होती ती जात आणि बाकी. दोन्ही देशांतल्या माणसांची दुःखे एका तागडीत घालण्याचा आमचा इरादा नाही. कागदांचा प्रकार मात्र ओळखीचा आहे.

वहीत एका गड्याचे पान साधारण कसे असते, ते नमुन्याने सांगतो. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. वर नाव, बहुधा अर्धेच, आणि जात. 'साल ठरले ६०'. सोबत ज्वारी इतके कुडो, धोतरजोडा एक, वहाणजोड एक, घोंगडी एक. खाली नावे टाकलेली रक्कम: पाडव्याला उचल १५, पोळ्याला ३, दिवाळीस ५, मुलाच्या लग्नास ४०. बेरीज ६३. मग 'खाडे २०', त्याचे ३।. एकूण ६६।. त्यातून सालाचे ६० वजा, बाकी ६।. पुढच्या वर्षीच्या पानाची पहिली ओळ 'मागील बाकी ६।', कधी व्याजासह. म्हणजे वर्षभर राबूनही माणूस पाडव्याला देणेकरीच. लग्न, आजार, खाडे, या तीन ठिकाणी पान वळते. एका गड्याची सलग सात-आठ पाने वाचली की कर्ज कसे फिरत राहायचे ते कोणत्याही प्रबंधापेक्षा स्वच्छ दिसते. याच वहीत कधी चांगुलपणाही दिसतो, बाकी सोडल्याची ओळ, दुष्काळात जास्त दिलेले धान्य. तेही राहू द्यावे. आपल्याला गैरसोयीचे आणि सोयीचे असे निवडत बसलो की कागदाचा पुरावा म्हणून उपयोग संपतो.

वाचताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे वरचीच खूण. जुन्या हिशेबात आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ६। म्हणजे सव्वासहा. नवशिका त्याचे ६१ करतो, ५।। चे ५११ करतो, आणि मग सालदाराच्या डोक्यावर वाड्याएवढे कर्ज दिसू लागते. बेरीज करून पाहिल्याशिवाय एकही आकडा उतरवू नये. दुसरी चूक वर्षाची. सालदाराचे साल गुढीपाडव्यापासून, पण त्याच घरातली व्यापाराची रोजकीर्द बहुधा दिवाळीच्या पाडव्यापासून. नुसते 'पाडव्यापासून' लिहिलेले असेल तर कोणती वही आहे ते आधी पाहावे. शक वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी उजाडल्यापासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या नोंदीत ७९ मिळवावे लागतात. फसली, म्हणजे महसुली, सनात आणखी घोळ: दख्खनी फसली असेल तर ५९० किंवा ५९१, उत्तरेकडची असेल तर ५९२ किंवा ५९३. म्हणून मूळ तारीख जशी आहे तशी उतरवून, इसवी सन दुसऱ्या रकान्यात लिहावा. तिसरी चूक मापांची. खंडी, कुडो, पायली यांचे किलो करू नयेत. माप गावागणिक बदलत असे, आणि एकदा किलोत लिहिले की मूळ शब्द हरवतो.

बहुतेक वह्या मोडीत आहेत, काही बालबोधीत, मधूनच एखादा उर्दू किंवा इंग्रजी कागद. मोडी वाचणारी माणसे नागपुरात मिळतात. पण कागद त्यांच्या हाती देण्याआधीची कामे घरच्यांनी करायची असतात, आणि नासाडी होते ती तिथेच.

गाठोडे सोडण्याआधी बांधलेले असतानाच त्याचा फोटो घ्या. बाहेरच्या चिठ्ठीवर, गाठीवर काही लिहिले असेल तर तेही. आतले कागद ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने राहू द्या. 'तारीखवार लावू' हा मोह आवरा. रोखा वहीच्या ज्या पानात खोचलेला असतो, त्या पानाशी त्याचा संबंध असतो. तो उपसून रोख्यांच्या ढिगात टाकला की कोणाचा रोखा ते कधीच कळत नाही. प्रत्येक कागदाच्या मागे खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला: रुमाल (म्हणजे कापडात बांधलेले गाठोडे), वही, पान, जसे ०२/०३/०४१. पेन नको, शिक्का नको, चिकटणारे लेबल नको. खोचलेल्या चिठ्ठीला ०४१-अ असा पोटक्रमांक. हात धुऊन पुरते कोरडे करून काम करावे. सुती हातमोज्यांची गरज नाही, उलट बोटांना कडा कळत नाहीत आणि कागद फाटतो. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नयेत. पातळ प्लास्टिकची पट्टी टाचणी आणि कागद यांच्या मधे सरकवून ती सैल करावी.

फोटो मोबाइलने घेतला तरी चालतो. उत्तरेकडच्या खिडकीजवळचा सावलीतला उजेड घ्यावा, फ्लॅश नको, मोबाइल कागदाला समांतर, शेजारी पट्टी ठेवलेली. कोऱ्या दिसणाऱ्या मागच्या बाजूचाही फोटो घ्या. रोख्याच्या पाठीवर 'रु. ५ वसूल' असा एका ओळीचा शेरा असतो, आणि कधी तोच सगळ्यात महत्त्वाचा असतो. अंगठ्याच्या ठशाजवळ बारीक अक्षरात 'निशाणी अमक्याची, दस्तुर तमका' (अंगठा अमक्याचा, लिहिणारा तमका) असे असते, तिथला जवळून एक जादा फोटो घ्यावा. फाइलचे नाव म्हणजे कागदाचाच क्रमांक. 'आजोबा जुने कागद १' असे नाव दिलेला फोटो दोन वर्षांनी कोणाच्याच कामाचा नसतो.

नागपूरच्या हवेबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, कागद कुरकुरीत होतो, घडीवर तुटतो. म्हणून उन्हाळ्यात घड्या उलगडू नयेत. पण खरे नुकसान करतो तो कुलर. कागदांची आलमारी असलेल्या खोलीत गवताच्या पाट्यांचा कुलर लावला की कोरड्या दिवसांतही तिथे दमट हवा तयार होते. त्यात बुरशी धरते आणि कसर वाढते. त्यानंतर पावसाळा असतोच. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशीला पुरते. स्वस्तातला आर्द्रतामापक घेऊन आलमारीत ठेवावा. आलमारी बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, मागे हातभर जागा सोडावी. खालचा कप्पा जमिनीपासून किमान वीतभर वर असावा, कारण उधई खालूनच चढते. लोखंडी आलमारी चालते, पण पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कोरड्या दिवशी दार उघडे ठेवावे.

किडीसाठी डांबराच्या गोळ्या टाकतात. त्यांनी बुरशी मरत नाही, आणि वाचणाऱ्याला मात्र त्रास होतो. वेखंडाची पुरचुंडी ठेवा, भुकटी कागदांवर भुरभुरू नका. कडुनिंबाचा पाला अर्धवट वाळलेला टाकला तर डाग पडतात. जिवंत कीड दिसली तर त्या वह्या जाड पॉलिथिनमध्ये हवा काढून घट्ट बंद कराव्यात आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवाव्यात. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नये, नाहीतर पाणी सुटून कागद भिजतात. उन्हात वाळवणे हा घरोघरचा उपाय कागदाला मारक आहे. शाई उडते, कागद पिवळा पडतो.

शाईकडे लक्ष हवे. बोरूने लिहिलेली काजळाची काळी शाई उडत नाही, पण ती कागदावर बसलेली असते. ओल्या फडक्याने पुसले की अक्षर फडक्यावर येते. हिराकसाची शाई तपकिरी पडते आणि अक्षराच्या आकारात कागद खाते. अशी पाने दुमडू नयेत. विसाव्या शतकातल्या वह्यांत जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीचे लिखाण येते, ते नुसत्या दमटपणानेही पसरते. त्या वह्यांचे फोटो आधी घ्यावेत.

फाटलेल्या पानावर सेलोटेप लावू नका. काही वर्षांत टेप गळते, चिकटा कागदात मुरतो आणि तिथले अक्षर तेलकट होते. लॅमिनेशन त्याहून वाईट. झेरॉक्सच्या दुकानात दोन मिनिटांत होते आणि पुढे सुटे करता येत नाही. तुकडे असतील तर ते एका कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवून पाकिटावर क्रमांक घालावा. शिवणे-चिकटवणे जाणकारावर सोपवावे. बांधायला जुना लाल खारव्याचा रुमाल उत्तम. नवे कापड घेतले तर आधी दोनदा धुऊन खळ काढावी, रंग सुटतो का ते पाहावे. खळीवर कसर येते.

मग नावांची सूची. अमेरिकेत काम पुन्हा करावे लागते आहे ते याच्याच अभावी, म्हणून थोडे विस्ताराने. एका नोंदीला एक ओळ. नाव जसे लिहिले तसे, मग बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, गाव, काम, मूळ तारीख, इसवी सन, काय दिले-घेतले, कागदाचा क्रमांक. 'गोंद्या', 'गोंदा', 'गोविंदा' एकच माणूस वाटला तरी तीन ओळी वेगळ्या ठेवाव्यात आणि अंदाज शेऱ्यात लिहावा. बायका शोधाव्या लागतात. थॉमस अ‍ॅफ्लेक नावाच्या गृहस्थाची छापील बागाईत-वही अमेरिकेत विकली जाई. तिच्यात प्रत्येक वेचणाऱ्याच्या नावापुढे रोजचे पौंड लिहायचे रकाने होते. गुलामाची वर्षारंभीची आणि वर्षअखेरची किंमत लिहायलाही जागा होती. त्या क्रूर काटेकोरपणामुळे तिथे बाईचे नाव उरले. आपल्या वह्यांत निंदणाला, वेचणीला 'बाया ७' एवढेच. नाव येते ते उचल घेताना, दंड होताना, किंवा 'अमक्याची बायको' म्हणून. तीही ओळ सूचीत घ्या, 'नाव नाही' असे लिहून.

याच कापसाच्या निमित्ताने एक आठवण द्यावीशी वाटते. १८६१ ते ६५ च्या ज्या युद्धाने तिथले गुलाम सुटले, त्याच युद्धात तिकडचा कापूस थांबल्याने वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. त्या वर्षांच्या वह्यांत कापसाच्या जमेबरोबर सालदाराचे साल किती वाढले, ते कोणी ताडून पाहील तर बरे.

या सूचीचा उपयोग फक्त इतिहासवाल्यांना होतो असे नाही. जात-वैधतेसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा किंवा वास्तव्याचा पुरावा शोधावा लागतो. ज्यांचे आजे-पणजे शाळेत गेले नाहीत आणि ज्यांच्या नावे जमीन नव्हती, त्यांची यात दमछाक होते. खासगी वहीवर जात पडताळणी समितीचे समाधान होईल असे नाही. पण पणजोबा कोणत्या गावी, कोणत्या साली होते हे वहीत सापडले तर कोतवाल पंजी (गावची जन्म-मृत्यूची नोंदवही) आणि अधिकार अभिलेख कोणत्या गावचे काढायचे ते ठरते. आंधळेपणाने दहा गावांचे अर्ज करण्याऐवजी एका गावचा अर्ज. मालगुजाराच्या आलमारीतली वही गड्याच्या पणतूच्या कामी येते ती अशी.

आता भीती. 'वही दाखवली तर कोणी हक्क सांगेल' असे अनेक घरांत बोलले जाते. मालगुजारीचे हक्क १९५१ मध्येच शासनाकडे गेले. जमिनीचे आजचे हक्क महसुली अभिलेखावरून ठरतात, आणि घरातली वही जाळल्याने तहसिलीतली नोंद जळत नाही. उलट दिशेची भीतीही ऐकू येते, की वहीतली जुनी बाकी कोणी गड्याच्या वारसांकडे मागेल. वेठबिगारी ऑक्टोबर १९७५ च्या वटहुकुमाने आणि १९७६ च्या कायद्याने बंद झाली, आणि त्या कायद्याने वेठबिगारीचे कर्जच संपुष्टात आले. मग उरते ती लाज. त्यावर आम्ही कोणाला उपदेश करू इच्छित नाही. लाज वाटत असेल तर कागद मोहोरबंद करून, अमुक वर्षांनी उघडावेत अशी अट घालून सोपवता येतात. जाळलेले कागद परत येत नाहीत.

जाहीर करताना मात्र विवेक हवा. वहीतले जातिवाचक आणि अपमानकारक शब्द नकलेत जसेच्या तसे राहावेत, पण सूचीच्या शीर्षकात आपण ते वापरू नयेत. 'महारांच्या बाक्या' असे वर लिहिलेले असले तरी आपल्या सूचीत 'सालदारांचे बाकी हिशेब' पुरे. गेल्या पाऊणशे वर्षांतल्या नोंदी नावानिशी समाजमाध्यमांवर टाकू नयेत. ती माणसे किंवा त्यांची मुले हयात आहेत. चोरीचा आळ, आजार, बाईवरचा शेरा अशा ओळी वारसांना विचारल्याशिवाय छापू नयेत.

ठेवायचे कुठे? घरी नीट ठेवणे होत नसेल तर राज्य पुराभिलेख संचालनालयाचे कार्यालय नागपुरातच आहे, मध्य प्रांत-वऱ्हाडचे सरकारी कागद तिथे आहेत. विद्यापीठ किंवा ग्रंथालयाकडे देणार असाल तर सूची करण्याची जबाबदारी कोणाची, ते आधी विचारा. परदेशातल्या मुलाकडे मूळ कागद पाठवण्याचा विचार असेल तर थांबा: ऐतिहासिक मोलाचा ७५ वर्षांपेक्षा जुना लिखित दस्तऐवज १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतो, आणि तो देशाबाहेर नेता येत नाही. फोटो खुशाल पाठवा. दानपत्र लेखी करा, एकूण रुमाल, वह्या, सुटे कागद यांची संख्या त्यात लिहा, पोच घ्या, आणि एक कलम स्पष्ट घाला: काहीही न वगळता, गड्यांच्या व मजुरांच्या हिशेबांसह. फोटोंचा एक संच घरी आणि नावांच्या सूचीची एक छापील प्रत ज्या गावचे ते गडी होते त्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा वाचनालयात ठेवावी. सूचीवर मूळ वही कुठे आहे आणि ती कोणाला विचारून पाहता येते, ते ठळक लिहावे.

कामाला बसायचे तर दसरा ते संक्रांत हा काळ बरा. हवा कोरडी असते, कुलर बंद असतो, कागद मोडत नाही.

आपले,
जुन्या कागदपत्रांच्या जतनाचे आणि मोडी वाचनाचे काम करणारे काही जण,
नागपूर